नमुना क्रमांक चारशे बारा

माझी कथा स्पर्धेच्या अंतिम दहांत आल्याचं मला कळण्याआधी राधेश्यामला कळलं. पत्र आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं होतं आणि तिथे येणारं प्रत्येक पाकीट फोडणं हा तो आपला अधिकार समजतो. आत माती असू शकते, असं त्याचं म्हणणं. भोकरदनला पोस्टाने माती आलेली मी नऊ वर्षांत एकदाच पाहिली आहे. पण एकदा पाहिली आहे, म्हणून मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

"मॅडम, तुमचा नंबर लागला! संभाजीनगरवाल्यांचं पत्र हाय."

"नंबर नाही लागला. दहा कथा निवडल्यात, त्यांत माझी आहे. निकाल पुढच्या महिन्यात."

"तेच की. दहात नंबर लागला."

मी ब्युरेटची तोटी बंद केली, हात धुतले, पुसले आणि पत्राचा पहिला कागद वाचला. मग राहिलेले नमुने पूर्ण करायला बसले. सातव्या नमुन्यात थेंब जास्त पडला आणि रंग जरा पुढे गेला. तो मी पुन्हा केला. माझ्या आनंदाची नोंद द्यायची तर एवढीच देता येईल.

पत्रात दोन कागद होते. दुसऱ्यावर परीक्षकांचा अभिप्राय होता. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला, घरी कुणी नसताना वाचावा म्हणून. ही माझी पहिली चूक नव्हती, पण पुढचा सगळा गाजावाजा या उशिरामुळे झाला.

कारण तो कागद मी वाचेपर्यंत बातमी गावभर गेली होती. संघपाल, म्हणजे माझे पती, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि एकूण सतरा व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत. त्यांनी सतराही ठिकाणी लिहिलं, 'माझ्या सहचारिणी ज्योत्स्ना यांची राज्यस्तरीय कथास्पर्धेत निवड.' 'अंतिम दहांत' हे शब्द त्यांनी लांबण लागू नये म्हणून गाळले. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी अभिनंदन केलं आणि दोघांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. संघपाल यांनी स्वतः कथा वाचलेली नव्हती. "एकदा निकाल लागू दे, मग निवांत वाचतो," असं ते महिनाभर म्हणत होते. अभिमान मात्र पूर्ण होता. अभिमानाला वाचनाची अट नसते.

शेजारच्या नंदाबाई पातेलंभर पोहे घेऊन आल्या आणि साडीच्या प्रश्नाला थेट हात घातला. "फिक्की नेसू नका. फोटोत माणूसच दिसत न्हाई. आन् स्टेजवर जाताना हळू चाला, तुम्ही लई जल्दी चालता. बक्षीस घ्यायला नव्हं, बस पकडायला निघाल्यावानी दिसंल."

"अजून बक्षीस नाही हो मिळालं."

"मिळंल की. चालायची सवय आत्तापासून करा."

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहारात वंदना झाल्यावर खीर वाटण्याआधी संघपाल यांनी माईक घेतला आणि मला उभं केलं. टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. मी "आभारी आहे" म्हणून खाली बसले. मोजून पाहिले तर ते दोनच होतात, पण लोक निराश झालेले दिसले. एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले. त्या हाताचं वजन मला पुढचे तीन दिवस जाणवत होतं.

त्या दुपारी घर रिकामं झालं तेव्हा मी अभिप्राय उघडला.

'या कथेची खरी ताकद तिच्या शेवटात आहे,' परीक्षकांनी लिहिलं होतं. 'पत्नीचा उल्लेखही न करता, केवळ जमिनीच्या भाषेत नायक आपल्या चाळीस वर्षांच्या संसाराकडे पाहतो. "हेक्टरी पाच टन" ही अतिशयोक्ती हेलावून टाकते. पानाच्या तळाशी पृष्ठ क्रमांकाऐवजी आलेल्या "नमुना क्र. ४१२" या शब्दांनी वाचक सुन्न होतो. माणूस अखेर एक नमुनाच.'

मी तो उतारा तीन वेळा वाचला. तीन वेळा वाचणं ही माझी कामाची पद्धत आहे. तिन्ही वाचनं जुळली तरच मी आकडा लिहिते. तिन्ही जुळली. माझ्या कथेत जमीन नव्हती. हेक्टर नव्हता. माझ्या कथेत एक निवृत्त कंपाउंडर होता. निवृत्तीच्या पहिल्या सकाळी तो बायकोसमोर बसतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्याला हिच्याशी बोलता येत नाही. आयुष्यभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं दिलेला माणूस. सहाव्या पानाच्या शेवटी तो एक कोरा कागद ओढतो आणि स्वतःसाठी चिठ्ठी लिहायला घेतो. सातव्या पानावर ती चिठ्ठी आहे, क्रमांक घालून. मला त्याशिवाय दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहिता येत नाही.

पत्रावर मंडळाच्या कार्यवाह मीनाताईंचा फोन नंबर होता. मी फोन लावला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "ताई, माझ्या कथेचं शेवटचं पान जरा वाचून दाखवता का?"

"अहो, आनंदानं!" त्या म्हणाल्या. घसा साफ केल्याचा आवाज आला. "'एक. सेंद्रिय कर्ब अत्यंत कमी. जेवढे घेतले तेवढे परत दिलेले नाही. शेणखत हेक्टरी पाच टन द्यावे. दोन. वरचा थर कडक झाला आहे. हलक्या हाताने मोकळा करावा.'" इथे त्या थांबल्या. "काय लिहिलंय हो! 'तीन. पाणी साचू देऊ नये. चार. दर वर्षी तेच ते घेऊ नये. पाच. एकदम भरपूर देऊ नये. थोडे थोडे, विभागून द्यावे. सहा. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी.' मी हे आमच्या मिस्टरांना वाचून दाखवलं. ते उठून गच्चीवर गेले."

मी आभार मानले. त्यांनी आठवण करून दिली की सोमवारपर्यंत दोन गोष्टी पाठवायच्या आहेत. एक, कथेची संगणकावरची प्रत, जी छापील प्रतीशी अक्षरशः जुळली पाहिजे. दोन, माझ्या सहीचं प्रतिज्ञापत्र, की कथेतला प्रत्येक शब्द माझा आहे.

शुक्रवारी प्रयोगशाळेत मी राधेश्यामला समोर बसवलं आणि एप्रिलमधल्या त्या दुपारची उजळणी केली. स्पर्धेची शेवटची तारीख होती. घरी प्रिंटर नाही, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत कथा इथे छापायला लावली होती. (सात कागद लागणार होते, सात कोरे कागद मी घरून आणून आधीच ट्रेमध्ये ठेवले होते.) सहा पानं निघाली आणि लाइट गेली. लाइट आली तेव्हा मी आत भट्टीचं तापमान बघत होते. प्रिंटरने अडलेलं सगळं एका दमात ओकलं: माझं सातवं पान आणि एका शेतकऱ्याच्या अहवालाचं दुसरं पान. अक्षर एकच, आकार एकच. दोन्ही पानांवर एक ते सहा क्रमांक आणि बहुतेक मुद्द्यांच्या शेवटी 'करावे', 'द्यावे', 'विचारावे'.

"मॅडम, मी बराबर लावले होते," राधेश्याम म्हणाला. "कथेच्या सहाव्या पानावर काय होतं? 'लिहायला सुरुवात केली.' मंग पुढं लिहिलेलं पान लावलं. अहवालात काय होतं? 'शिफारशी पुढील पानावर.' तिथंबी पुढलं पान लावलं. झेरॉक्स मारल्या, पोस्टात टाकलं. बिलकुल टाइमात."

त्याच्या तर्कात मला दोष काढता आला नाही. दोष माझा होता. मातीचा आकडा मी तीनदा तपासते, पण स्वतःची कथा दुसऱ्यांदा बघायची मला लाज वाटली आणि मी पानं न बघताच पाकीट बंद करायला सांगितलं.

"म्हंजी नंबर लागला तो माझ्या स्टेपलमुळं," राधेश्याम विचार करून म्हणाला.

आता प्रतिज्ञापत्र. ते सहा मुद्दे माझे नाहीत, तर कुणाचे, हे शोधणं ओघाने आलं. मी आमचे प्रमुख रामप्रसाद सर यांच्याकडे गेले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, कुणाशी फारसं न बोलणारे गृहस्थ आहेत.

"सर, शिफारशींचा मजकूर कुणी लिहिलेला आहे?"

"मीच. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हाचा आहे." त्यांनी चष्मा काढला. "का? कुणी तक्रार केली?"

मी सगळं सांगितलं. खोटं सांगायला मला वेळ लागतो, त्यापेक्षा खरं लवकर होतं. सरांनी टेबलावरची मातीची पिशवी उचलून बाजूला ठेवली. ते आता मला निष्काळजीपणाबद्दल मेमो देणार, अशी मी मनाची तयारी केली.

"कोणती ओळ आवडली म्हणाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेक्टरी पाच टन."

"अच्छा." ते खिडकीकडे वळले. "मला वाटायचं पाचवी जास्त बरी जमलीये."

मेमो मिळाला नाही. त्या दिवशी सरांनी राधेश्यामला दोनदा चहा सांगितला आणि दोन्ही वेळा मलाही पाठवला.

घरी मात्र वातावरण वेगळं होतं. संघपाल यांना मी रात्री जेवताना सांगितलं. त्यांचा घास हातात राहिला. "ज्योत्स्ना, विहारात माईकवर सांगितलंय मी. सतरा ग्रुप आहेत. आता काय लिहू, की कथेला खत पडलं?"

नंदाबाई भिंतीपलीकडून ऐकत होत्याच. त्या थेट आत आल्या. "सही करून टाका बाई. लिवलं कुणी का आसंना, पाठवलं तर तुम्हीच ना? मी शेजारणीकडून पुरण मागून आणलं तर पोळ्या माझ्याच म्हणते मी."

"पण पुरण तिचं असतं."

"ती म्हणत आसंल तिचं. खाणारा कुठं विचारतो?"

रात्रभर मी प्रतिज्ञापत्राचा नमुना समोर ठेवून बसले नाही, मी झोपले. पण शनिवारी कामावर आल्यावर मला एक गोष्ट सुचली, जी दोन दिवसांपूर्वीच सुचायला हवी होती आणि बक्षिसाच्या गोंधळात सुचली नव्हती. सरांचं पान माझ्या कथेला लागलं होतं, तर ज्याची माती होती त्याला काय मिळालं?

नोंदवहीत ४१२ समोर लिहिलं होतं: रखमाजी, पिंपळगाव रेणुकाई. पीक, मिरची आणि कापूस. मला ते जोडपं लख्ख आठवलं. साठीचे रखमाजी आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई नमुना घेऊन आले होते आणि माझ्या टेबलासमोर भांडले होते.

"बांधाजवळची घेऊ नका म्हणलं व्हतं मी," दुर्गाबाई म्हणत होत्या.

"तुला काय कळतंय मातीतलं?"

"तीस वर्षं खुरपून राह्यले त्यात. तुम्ही बांधावर बसून बिडी वढली."

मी त्यांना मातीची जागा कशी निवडायची ते सांगितलं होतं आणि नमुना घेतला होता. तो अहवाल गेल्याला महिना झाला होता. मिरचीची लागवड तोंडावर आली होती आणि त्या माणसाकडे खतांच्या मात्रेऐवजी माझ्या कंपाउंडरची चिठ्ठी होती.

रविवारी सकाळी मी सरांच्या शिफारशींचं पान पुन्हा छापलं, तीनदा तपासलं आणि एस.टी. पकडली. पिंपळगावला पाऊण तास लागला. देवीच्या देवळामागे रखमाजींचं घर विचारलं तर लोकांनी हसून दाखवलं. का हसले ते मला घरात शिरल्यावर कळलं.

रखमाजी चुलीपुढे बसून चहा करत होते. दुर्गाबाई बाजेवर बसून ते बघत होत्या, नाटक बघावं तशा.

"अगो बाई, लॅबवाल्या बाई!" दुर्गाबाई उठल्या. "या, या. च्या घ्या. ह्यांच्या हातचा हाय. पयला आठवडा पिता येत नव्हता, आता येतोय."

रखमाजींनी कपात चहा ओतला, निम्मा बशीत सांडला आणि तो सांडलेला स्वतःकडे घेतला. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, तुम्ही लिवून दिलेलं सगळं करून राह्यलो मी. एक लंबर, सकाळचा पयला च्या आपण करावा. करतो. दोन लंबर, ती बोलताना मधी बोलू नये. लई कठीण हाय, पण दातावर दात ठेवतो. तीन, बाजाराच्या दिवशी काय आणू ते विचारावं आन् तेच आणावं. चार, सैपाकाला नाव ठेवायच्या आधी एकदा सोता करून बघावा. केला बाई. पिठलं केलं. आता नाव ठेवत न्हाई. पाच, माहेरची चौकशी. तिच्या भावाला फोन लावला. त्यो घाबरला, म्हणला कोण गेलं?"

"आन् सहा?" दुर्गाबाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा होता.

"सहा न्हाई जमला," रखमाजी खाली बघत म्हणाले. सहावा मुद्दा होता, 'तिला नावाने हाक मारावी.'

मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले. आयुष्यात कुणी माझं लिखाण इतकं बारकाईने वाचलं नव्हतं. संघपाल यांनी तर नाहीच.

"पण रखमाजी, हे प्रयोगशाळेने लिहिलंय असं तुम्हाला कसं वाटलं?"

"आम्ही तुमच्यापुढं भांडलो न्हाई का? म्हणलं, बाई शिकल्या-सवरल्या हायेत, माती बघितली तसं माणूसबी बघितलं आसंल. पानावर सात लंबर व्हता. म्हणलं मधली पानं हापिसात ऱ्हायली आसतील. आन् खताचं कायबी लिवलं नव्हतं, मंग म्हणलं औंदा खत नको आसंल."

शेवटचं वाक्य ऐकून मी कप खाली ठेवला. मी पर्समधून बरोबर पान काढलं आणि सांगायला सुरुवात केली. लाइट, प्रिंटर, राधेश्याम, कथा. मी क्रमाने सांगत होते, एकही टप्पा न गाळता. माझं बोलणं चालू असताना दुर्गाबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हंजी ते तुम्ही आमच्यासाठी लिवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"चुकून आलं."

"हो. चुकून आलं."

रखमाजी हातातल्या भांड्याकडे बघत होते. "मंग मी महिनाभर उगंच च्या करून राह्यलो का?"

दुर्गाबाई उठून आत गेल्या, डब्याच्या फळीवरून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं ते पान घेऊन आल्या आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मला द्यायचं की नाही ते त्यांचं ठरत नव्हतं. मी एवढी वर्षं मातीत काय कमी आहे ते सांगत आले आहे. एखाद्याला नुकतंच मिळालेलं परत मागायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

"ते पान मला नको आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे संगणकात आहे. हे खताचं पान द्यायला आलेय मी फक्त."

"मंग हे आमचं?"

"तुमचंच."

त्यांनी पिशवीची घडी घातली आणि कमरेला खोचली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? आपलं हाय म्हणत्यात. ठेवा पुन्हा आधण. बाईंचा च्या गार झाला."

रखमाजींनी इतक्या तत्परतेने पातेलं उचललं की राख उडाली.

मी अंगणात, जिथे मोबाइलला रेंज येत होती त्या पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिले आणि मीनाताईंना फोन लावला. सही मी करणार नव्हते, हे बहुधा एस.टी.त बसतानाच ठरलं होतं. पण आतापर्यंत मला त्याचं दुःख होत होतं. आता ते मोजण्याइतकं उरलं नव्हतं.

"मीनाताई, शेवटचं पान माझं नाही."

"मग कुणाचं?"

"मजकूर आमच्या सरांचा आहे. आणि माती पिंपळगावच्या रखमाजींची." मी पुन्हा सगळं सांगितलं.

त्यांनी पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुमचं खरं पान वाचून दाखवा बरं." मी तोंडपाठ म्हणून दाखवलं. "चांगलं आहे," त्या सावधपणे म्हणाल्या, "पण जरा साधं आहे. आणि परीक्षकांनी निवडलेली कथा ही नाही. नियमाप्रमाणे बाद करावी लागेल, ज्योत्स्नाताई."

"हो. करा."

"मला फार वाईट वाटतंय." मग त्यांनी विचारलं, "तुमचे ते सर आणखी काही लिहितात का?"

माझ्या स्वाभिमानाला त्या आठवड्यात बसलेला हा शेवटचा आणि सर्वांत नेमका फटका. विचारून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला.

परत आले तेव्हा दोघं माझी वाट बघत होते. "काय झालं?" रखमाजींनी विचारलं. "आमच्यापायी बाद झाल्या का तुम्ही?"

"तुमच्यामुळे नाही. लाइट गेल्ती." मी त्यांच्यासारखं बोलून गेले ते मला नंतर कळलं.

"जाऊ द्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "पर बाई, आमच्याकडं निस्ता शेवट हाय. ह्याच्या आधी काय झाल्तं? त्या माणसाला असं लिवायची पाळी का आली?"

संपूर्ण कथा माझ्या मोबाइलवर होती. मी वाचायला सुरुवात केली. संकोचाने माझा आवाज पहिली दोन पानं फार खालच्या पट्टीत होता, म्हणून दुर्गाबाई सरकून जवळ बसल्या. रखमाजी कंपाउंडरच्या बाजूने होते. "पस्तीस वर्षं डूटी केली, थकला आसंल माणूस," असं ते मधेच म्हणायचे आणि मग दोन नंबर आठवून तोंड मिटायचे. सहावं पान आलं, कोरा कागद आला, चिठ्ठी आली. ती त्यांना पाठ होती. सहाही मुद्दे माझ्याबरोबर दोघांनी म्हटले. सहाव्याला रखमाजी ओठ हलवून राहिले.

कथा संपली. मी मोबाइल उलटा ठेवला. परीक्षकांनी काय म्हटलं ते मी वाचलं होतं, पण समोर बसून कुणी काय म्हणेल, याची मला सवय नव्हती.

"चांगली हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदराने मान पुसली. "पर एक सांगू का? राग न्हाई ना धरायचा?"

"सांगा."

"ह्यात ती बाई बोलतच न्हाई."

मी मनातल्या मनात सातही पानं तपासली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कंपाउंडर बोलत होता, डॉक्टर बोलत होते, औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा बोलत होतं. बायकोला मी एकही वाक्य दिलं नव्हतं. तिला काय हवं असेल, ते सगळं मी तिच्या नवऱ्यालाच सुचवलं होतं आणि त्याबद्दल मनात स्वतःची पाठ थोपटली होती. मी बाई असून. तीन वर्षं त्या कथेवर काम करून.

"त्यानं लिवलं, चांगलं केलं," दुर्गाबाई म्हणाल्या. "पर तिला इचारलं का, तुझं काय म्हणणं हाय म्हणून? समदं त्यालाच ठाऊक."

"तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "तिचं पान राहिलंच."

"मंग लिवा की."

"ती काय म्हणेल, मला कुठे माहीत? माझ्या संसाराला चौदाच वर्षं झालीत."

दुर्गाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, बराच वेळ. "माझ्या संसाराला चाळीस झाली," त्या म्हणाल्या. "थांबा. मी सांगते, तुम्ही लिवा. जल्दी करू नका, मला आठवावं लागंल."

मी पर्समधून वही काढली. खताच्या पानाची एक बाजू कोरी होती, तिच्यावर लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण आता मी पानांची सरमिसळ करणार नव्हते. वहीचं कोरं पान उघडून वर मी एकचा आकडा घातला आणि त्याभोवती गोल काढला.

दुर्गाबाई भिंतीला टेकून विचार करू लागल्या. एकदा ओठ उघडले, मिटले. अंगणात कोंबड्या काहीतरी टिपत होत्या. रखमाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पेनाकडे, आणि घाईघाईने टोपी उचलली.

"मी जरा मळ्यात जाऊन येतो," ते म्हणाले. "ठिबकची नळी बघायची हाय. तुम्हा बायांचं चालू द्या."

"बसा की हितंच," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या. रखमाजी उंबऱ्यात एक पाय बाहेर टाकून थांबले. मी पेन टेकवून वाट बघत होते. दुर्गाबाईंनी माझ्या वहीकडे मान वळवली.

"लिवलं का?"

"काय?"

"आत्ता बोलले ते."

मी त्या आकड्यापुढे लिहून घेतलं, 'बसा की हितंच.' रखमाजींनी टोपी खुंटीला अडकवली आणि येऊन बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले.